आकाशकंदील झालेलं अवकाशयान

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात डिचोलीहून ताईचा फोन आला. "तुझ्या भाच्याचं जहाज झालं रे एकदाचं. काल रात्री लाइट लावली. जहाज कसलं, आकाशकंदील झालाय नुसता. दिवाळीपर्यंत ठेव म्हटलं, दारात टांगू."

भाचा फुरंगटला होता, पण ताईनं एका वाक्यात निदान केलं होतं. आकाशकंदिलात दिवा लावतात तो उजेड कागदातून झिरपावा म्हणूनच. त्यानं जोडलेल्या प्लास्टिकच्या अवकाशयानाचं नेमकं उलटं: भिंतींनी उजेड गिळायचा आणि तो फक्त खिडक्यांतून बाहेर सोडायचा. मॉडेलला लाइट लावणं म्हणजे खरं तर अंधार करायचं काम. एलईडी काय, शाळकरी पोरगाही जोडतो. मी हे भाच्याला फोनवर सांगितलं, तर तो म्हणाला, "मामा, आता सांगून काय उपयोग? सगळं चिकटवून झालंय."

हे प्रकरण त्या "सगळं चिकटवून झालंय"पासून सुरू होतं. कोऱ्या किटला लाइट कशी लावायची हे पुष्कळ ठिकाणी वाचायला मिळतं. चिकटवून, रंगवून, जळवून झालेल्या यानाचं काय करायचं, ते मला तरी कुठे सापडलं नाही, म्हणून लिहून ठेवतो.

यान दुकानात येतं

दोन दिवसांनी तो कदंबाच्या बसनं फोंड्याला आला, मांडीवर चादरीत गुंडाळलेलं यान घेऊन. कंडक्टरनं विचारलं म्हणे, "कितें रे हें? गणपती आतांच हाडलो?"

माझं दुकान दुरुस्तीचं. मिक्सर, इन्व्हर्टर, टीव्ही, आणि चतुर्थी जवळ आली की भजनी मंडळांचे ॲम्प्लिफायर. प्लास्टिकची विमानं जोडण्याचा नाद शाळेपासूनचा. भाचा व्यापारी जहाजावर थर्ड ऑफिसर आहे. सहा-सात महिने समुद्रात, मग दोन-तीन महिने घरी. मागच्या फेरीत परदेशातल्या एका बंदरात उतरल्यावर त्यानं हा किट घेतला आणि या सुट्टीत पंधरा दिवसांत जोडून टाकला. चतुर्थी झाली की त्याला पुन्हा बोट धरायची होती. म्हणजे आमच्या हातात सहा आठवडे, आणि तेही भर पावसातले.

यान म्हणजे १९६६ साली अमेरिकेत सुरू झालेल्या 'स्टार ट्रेक' या टीव्ही मालिकेतलं एंटरप्राइज. पुढे मोठी गोल तबकडी, तिच्याखाली मान, मानेखाली नळकांड्यासारखं पोट, आणि पोटातून तिरप्या निघालेल्या दोन दांड्यांवर इंजिनाच्या दोन लांब नळ्या. कथेत त्याची लांबी २८९ मीटर. किट १:३५० प्रमाणातला, त्यामुळे टेबलावर ते साधारण ८२ सेंटिमीटर भरतं आणि तबकडीचा व्यास ३६ सेंटिमीटर, म्हणजे मोठ्या परातीएवढा. या आकारात खिडक्या खरोखरच्या असतात, भिंतीत भोक आणि भोकात पारदर्शक तुकडा. म्हणूनच लाइट लावायचा मोह होतो.

निदान

चादर सोडल्यावर मी आधी यान उलटं केलं. पोटाच्या खालच्या अंगाला अंगठा दाबल्यासारखा एक खळगा होता. भाचा म्हणाला, "तो आधीपासून असेल." किट बनवणारा असा खळगा सोडत नाही. मी नखानं टोकून पाहिलं. तिथलं प्लास्टिक ऊन लागलेल्या मेणबत्तीसारखं ओघळून पुन्हा कडक झालं होतं. आत काहीतरी तापलं होतं.

पोटाच्या पुढच्या टोकाची तांबूस वाटी चिमट्यानं सैल करून काढली आणि आतली वायर ओढली, तेव्हा वायरीबरोबर पाच वॅटचा एक सिमेंटचा रेझिस्टर, म्हणजे प्रवाहाला आळा घालणारा भाग, बाहेर आला. पांढरा, ठोकळ्यासारखा, २२ ओहमचा. बस्स, एवढा एकच. वीस पांढरे एलईडी आणि दिशादर्शक म्हणून एक लाल, एक हिरवा, सगळे समांतर जोडलेले, आणि १२ व्होल्टच्या ॲडॅप्टरमधून या एका ठोकळ्यातून सगळ्यांना वीज.

हिशेब भाच्यानं कागदावर बरोबर केला होता. पांढऱ्या एलईडीला साधारण ३.१ व्होल्ट लागतात. १२ मधून ते वजा केले की ८.९ उरतात; त्याला २२ नं भागलं की सुमारे ४०० मिलिॲम्पिअर, म्हणजे वीस दिव्यांना प्रत्येकी २०. कागदावर सगळं ठीक. दोन गोष्टी त्यात राहून गेल्या. पहिली उष्णता. त्या ठोकळ्यात साडेतीन वॅट जळतात, आणि किटचं पॉलिस्टायरीन शंभर अंशांच्या जवळपास मऊ पडतं. बंद पोटात, हवा नाही, ठोकळा थेट प्लास्टिकला टेकलेला. खळगा तिथून आला.

दुसरी गोष्ट लाल दिव्याची. लाल एलईडी साधारण दोन व्होल्टलाच लागतो. तो पांढऱ्यांच्या शेजारी समांतर बसवला की सगळा प्रवाह त्याच्याकडे धावतो, पांढऱ्यांना लागायला पुरेसा व्होल्टेजच मिळत नाही. लाल बिचारा एकटा चारशे मिलिॲम्पिअर खाऊन क्षणात गेला. भाच्याला आठवलं: "हो मामा, पहिल्यांदा बटण दाबलं तेव्हा फक्त लाल चमकला, फट् झालं, आणि मग पांढरे लागले." त्यानंतरचं मरण सावकाश झालं. वीस एलईडी दिसायला सारखे असले तरी प्रत्येकाची भूक थोडी वेगळी. जो जास्त ओढतो तो आधी जातो, आणि त्याचा वाटा उरलेल्यांच्या पानात पडतो. पंगतीतून एक जण उठला की त्याचं ताट बाकीच्यांनी संपवायचं, असा प्रकार. आमच्याकडे आलं तेव्हा वीसमधले नऊ जिवंत होते.

बाकीची तक्रार डोळ्यांना दिसत होती. खिडक्या दुधाळ झालेल्या. किटबरोबर घेतलेली प्लास्टिक सिमेंटची बाटली पोट जोडण्यातच संपली, म्हणून तबकडी आणि नळ्या त्यानं सुपरग्लूनं चिकटवल्या. सुपरग्लू सुकताना त्याची वाफ बाहेर पडते आणि जवळच्या गुळगुळीत पृष्ठभागावर पांढरी बुरशी धरल्यासारखी बसते. हवेत दमटपणा जितका जास्त तितकी ती जास्त. जुलैत डिचोलीत बंद खोलीत हा उद्योग केल्यावर दुसरं काय होणार? वरचा राखाडी रंगही त्याच दमटपणानं मारलेला. स्प्रेतला थिनर झटकन उडतो, उडताना पृष्ठभाग थंड करतो, आणि हवेतलं पाणी ओल्या रंगात उतरतं. तबकडीवर भस्म फासल्यासारखे पट्टे होते.

आणि मूळ दुखणं: आतून कुठेही काळा रंग नाही. पांढरं, दीड-दोन मिलिमीटर जाडीचं प्लास्टिक. उजेडाला ते कागदासारखंच.

दोन वाटा होत्या. बाहेरून काळ्याचे हात मारायचे, त्यावर राखाडी, म्हणजे भिंत अंधारी होते. बरेच जण तसंच करतात आणि त्यात वाईट काही नाही. पण आतले निम्मे दिवे मेलेले, उरलेले मरायच्या वाटेवर, खिडक्या आंधळ्या. आत हात घातल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. आणि आधीच जाड बसलेल्या रंगावर आणखी थर दिले असते, तर बारीक कोरीव काम बुजून गेलं असतं.

आइस्क्रीमच्या शेजारी

सुपरग्लूनं घात केला होता आणि वाटही त्यानंच दिली. प्लास्टिक सिमेंट दोन तुकडे विरघळवून एकजीव करतं, तो सांधा परत सुटत नाही. सुपरग्लू मात्र नुसता मध्ये बसतो, आणि गोठवला की काचेसारखा ठिसूळ होतो. मग किंचित पिळ दिला तरी तडकतो.

पण परातीएवढी तबकडी घरच्या फ्रीझरमध्ये जायची कशी? बाजारातल्या एका आइस्क्रीमवाल्याचा डीप फ्रीझर मी दोनदा दुरुस्त करून दिला होता. त्याला सांगितलं, दोन रात्री कोपरा दे. तबकडी आणि नळ्या आधी मानेपासून आणि दांड्यांपासून सोडवल्या, प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत घालून तोंडं टेपनं बंद केली (बाहेर काढल्यावर थंड वस्तूला घाम फुटतो, तो आत जाऊ नये म्हणून) आणि उणे अठरात ठेवल्या. सकाळी त्याच्या पोरानं गिऱ्हाइकांना उघडून दाखवल्या म्हणे. कोणी विचारलं तर "हो नवो फ्लेवर" सांगायचा.

तबकडी सुंदर सुटली. कडेच्या फटीत जुन्या शेव्हिंग ब्लेडचं टोक सरकवलं, हळूहळू फिरवत गेलो, आणि टिक् टिक् करत सगळी कड मोकळी झाली. तो आवाज ऐकायला मी आणखी चार यानं गोठवायला तयार आहे. उजवी नळीही सुटली. डावीनं दगा दिला: भाच्यानं तिच्यावर गोंदाची अर्धी ट्यूब रिकामी केली असावी. ती सुटेपर्यंत मी जोर केला, आणि नळीचे अर्धे सुटायच्या ऐवजी तिच्यावरची दांड्याची बैठक तुटली. चूक माझी. परत गोठवायला हवी होती, घाई केली. नंतर तिथे एक मिलिमीटरच्या पितळी तारेच्या दोन खुंट्या आरपार घालून बैठक जोडली. आता ती मूळच्यापेक्षा दणकट आहे, पण नीट पाहिलं तर डावी नळी केसभर खाली झुकलेली दिसते.

कल्हई

पोट मात्र सिमेंटनं जोडलेलं. ते उघडायचं म्हणजे करवत. सुदैवानं त्याला दोन्ही टोकांना तोंडं आहेत: पुढे तांबूस वाटीची मोठी गोल जागा, मागे हँगरचं, म्हणजे छोटी यानं ठेवायच्या जागेचं, दार. आत ब्रश पोचत नव्हता, एअरब्रशची फवारणी कोपऱ्यांत बसत नव्हती. तेव्हा मला आमच्या आजीच्या दारातला कल्हईवाला आठवला. भांडं तापवायचा, कथील टाकायचा, आणि मनगटाच्या एका फिरकीत ते भांड्याच्या पोटभर पसरवायचा. त्यानं कधी भांडं उघडून पाहिलं नाही.

आधी दुधाळ खिडक्या बाहेरून टाचणीनं आत ढकलल्या. त्या आतून बसवलेल्या असतात, त्यामुळे आतच पडतात. यान हलवलं की खुळखुळ्यासारख्या बाहेर आल्या. खिडक्यांच्या भोकांवर बाहेरून टेप. मग पाण्यात मिसळणारा काळा ॲक्रिलिक रंग, दुधाच्या सायीइतका दाट, पुढच्या तोंडातून ओतला, आणि दोघांनी मिळून पोट फिरवलं. उभं, आडवं, उलटं. उरलेला रंग मागच्या दारातून बाटलीत परत. पहिला हात सुकायला पावसाळी हवेत तीन दिवस लागले, तेही कॉम्प्युटरचा एक जुना पंखा तोंडाशी लावून. दुसरा हात काळ्याचाच. तिसरा चंदेरी.

चंदेरी कशाला, असं भाच्यानं विचारलं. काळा उजेड अडवतो, पण गिळतोही. तीन-चार एलईडींच्या उजेडात अख्खं पोट उजळायचं तर भिंतींनी तो परतवायला हवा. काळा बाहेरच्या जगासाठी, चंदेरी आतल्या दिव्यांसाठी. सुकल्यावर टेप काढली, भोकांवर बसलेला रंगाचा पापुद्रा सुईनं टोचून साफ केला. तबकडीचे दोन्ही अर्धे उघडे होते, त्यांना सरळ ब्रशनं हाच क्रम दिला.

जुन्या खिडक्या परत बसवायच्या नव्हत्याच. प्रत्येक भोकात टूथपिकनं पांढऱ्या लाकडी गोंदाचा थेंब ओढून पसरवला. ओला असताना दूध, सुकल्यावर जवळपास काच. पूर्ण पारदर्शक होत नाही, पण उजेडाला किंचित पसरवतो, आणि त्यामुळे आतला एलईडी नुसता ठिपका होऊन डोळ्यांत टोचत नाही. खिडकी खोलीसारखी दिसते. माझ्या मते किटच्या तुकड्यांपेक्षा हे बरं दिसतं. भाच्याचं मत वेगळं आहे आणि ते त्याच्याकडेच राहू द्या.

मूळ यानाची डावी बाजू

वायरिंगला बसायच्या आधी मी त्याला मालिकेतल्या मूळ मॉडेलची गोष्ट सांगितली, कारण तिचा आमच्या कामाशी थेट संबंध होता. ते मॉडेल १९६४ च्या अखेरीस तयार झालं, सुमारे अकरा फूट लांब, बहुतांश लाकडाचं. दिवे त्यात नंतर घातले. वायरी बाहेर काढायला डाव्या अंगाला भोकं पाडावी लागली, म्हणून चित्रीकरण उजव्या बाजूनंच झालं. डावी बाजू कॅमेऱ्यानं पाहिलीच नाही. आज ते वॉशिंग्टनच्या हवाई आणि अवकाश संग्रहालयात आहे. १९७४ साली तिथे पोचलं, आणि २०१६ साली मोठी डागडुजी होऊन नव्यानं मांडलं गेलं.

त्यांची डावी बाजू भिंतीकडे राहिली तरी चाललं. ताईच्या दिवाणखान्यात यान मधल्या टीपॉयवर राहणार होतं, आणि चतुर्थीला घरी पन्नास माणसं येणार, प्रत्येक जण चारी बाजूंनी फिरून बघणार. म्हणून वायर एकाच वाटेनं: पोटाखालच्या स्टँडमधून, सहा मिलिमीटरच्या पितळी नळीतून, खालच्या लाकडी पाटात. त्या पाटातच सगळी नियंत्रणं.

वीज मी १२ वरून ५ व्होल्टवर आणली. कारण साधं: पाच व्होल्टचा मोबाइल चार्जर घरोघरी असतो, आणि वीज गेली तर पॉवर बँक. गोव्यात पावसाळ्यात वीज जातेच. प्रत्येक पांढऱ्या एलईडीला स्वतःचा २२० ओहमचा रेझिस्टर. पाचातून ३.१ वजा, भागिले २२०, म्हणजे साडेआठ मिलिॲम्पिअर. दिव्याच्या क्षमतेच्या निम्म्याहून कमी. भाच्याला वाटलं अंधारं होईल. रात्री पाहिल्यावर तोच म्हणाला, अजून कमी करता येईल का? खिडक्या म्हणजे माणसं राहतात ती जागा. त्या हेडलाइटसारख्या चमकल्या की यान खेळण्यातलं वाटतं. म्हणून बहुतेक दिवे पिवळसर पांढरे घेतले, थोडेच थंड पांढरे, आणि पाच-सहा खिडक्या मुद्दाम काळ्याच ठेवल्या. कुणीतरी झोपलेलं असणार ना.

दांड्यांमधून नळ्यांपर्यंत वायर नेणं हा वेगळा ताप. दांडा आतून पोकळ, पण वाट जेमतेम तीन मिलिमीटरची, आणि मध्ये वळण. ताई त्या दिवशी दुकानात आली होती. पाच मिनिटं बघत राहिली आणि पर्समधून सेफ्टीपिन काढून दिली. "लेंग्यात नाडी घालतात तशी घाल की." आधी शिवणाचा दोरा ओवला, मग दोऱ्याला वायर बांधून ओढली. वायर म्हणजे मोटर गुंडाळायची एनॅमलची बारीक तांब्याची तार. तिचं एनॅमल तापलेल्या सोल्डरच्या थेंबात क्षणभर बुडवून जाळावं लागतं, नाहीतर जोड दिसायला पक्का आणि आतून कोरा. प्रत्येक सांध्यावर शेवटी पारदर्शक नेलपॉलिशचा थेंब. खारी, ओली हवा उघड्या तांब्याला हिरवं करून सोडते. मी असे किती रिमोट उघडलेत.

नळ्यांच्या पुढची नारिंगी घुमटं हा या यानाचा जीव. आत काहीतरी सतत गरगरत असतं. मूळ मॉडेलमध्ये मोटरवर फिरणारी पाती होती, मागे ख्रिसमसच्या झाडाला लावतात तसे लुकलुकणारे रंगीत बल्ब आणि आरशाचे तुकडे. मोटर मी टाळली. तिची घरघर रिकाम्या प्लास्टिकमध्ये घुमते, आणि चार वर्षांनी अडकली तर पुन्हा आइस्क्रीमवाल्याकडे जावं लागेल. त्याऐवजी प्रत्येक घुमटात बारा एलईडींची एक कडी बसवली, डब्ल्यूएस २८१२ जातीची. यातला प्रत्येक दिवा स्वतंत्रपणे हुकूम ऐकतो. पूर्ण पांढऱ्यावर एक दिवा ६० मिलिॲम्पिअरपर्यंत ओढतो, म्हणजे दोन कड्या मिळून जवळपास दीड ॲम्पिअर. म्हणून उजेड पाव ठेवला.

हुकूम द्यायला आर्डुइनो नॅनो, म्हणजे प्रोग्रॅम भरून चालवायचा एक छोटा बोर्ड. मला सर्किट कळतं, प्रोग्रॅम लिहिताना मात्र घाम फुटतो. आमच्या वाड्यावरची पोरं दर दिवाळीला नरकासुर करतात. गेल्या वर्षीच्या त्यांच्या नरकासुराचे डोळे लाल-पिवळे गरगरत होते, पहाटे जाळायच्या आधी बोर्ड तेवढा काढून ठेवला होता. त्यांच्याकडून तोच प्रोग्रॅम घेतला. डोळ्यांचं घुमट झालं. फक्त वेग कमी केला आणि दोन-दोन दिव्यांच्या मधला काळोख वाढवला, म्हणजे पाती फिरल्यासारखी वाटतात. पोरांपैकी एक जण येऊन पाहून गेला. "काका, नरकासुरच आहे हा, नुसता इंग्रजी शिकलेला," म्हणाला.

वीज गेली ती रात्र

उजेडाची गळती शोधायला पूर्ण काळोख लागतो आणि दुकानात तो कधीच मिळत नाही, रस्त्यावरचा दिवा दारातून आत येतो. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात एका रात्री मोठा पाऊस, कुठेतरी झाड पडलं आणि सगळ्या भागातली वीज गेली. यान टेपनं तात्पुरतं जोडलेलं होतं. पॉवर बँक लावली.

भिंती दिसेनात. हवेत खिडक्यांच्या रांगा तेवढ्या तरंगत होत्या, आणि पुढे दोन निखारे फिरत होते. दोघं पाच मिनिटं काही बोललो नाही. मग भाच्यानं पांढरी पेन्सिल घेतली आणि आम्ही गळत्या मोजायला लागलो. तबकडीच्या कडेला चार, हँगरच्या दाराशी दोन, उजव्या नळीच्या सांध्यात एक लांब रेघ, आणि मान जिथे पोटाला मिळते तिथे केसासारखी एक फट. प्रत्येकीवर खूण. दुसऱ्या दिवशी आतून ॲल्युमिनियमची चिकटपट्टी आणि काळा रंग. मानेची फट आतून हाताला येईना.

मग सगळं कायमचं जोडलं. या खेपेला प्लास्टिक सिमेंटनं. सांध्यांत लांबी (पुट्टी) भरली, घासली, आणि पाऊस ओसरलेल्या दोन दुपारी बाहेरचा राखाडी मारला, पाण्यात मिसळणारा. रंगवल्यावर थोडा वेळ बाहेर ठेवून यान माझ्या कॅमेऱ्याच्या कपाटात गेलं, जिथे बुरशी लागू नये म्हणून पावसाळाभर एक बल्ब जळत असतो. तबकडीवरच्या बारीक रेषा पेन्सिलीनं आखल्या. मूळ मॉडेलवरही त्या पेन्सिलीच्याच आहेत, त्यामुळे याबाबत मला कुणी बोलू शकत नाही.

लाल कुठे, हिरवा कुठे

सगळं झाल्यावर भाच्याला बोलावलं. तो दारातूनच थांबला. यान त्याच्याकडे तोंड करून ठेवलेलं.

"मामा, हे उलटं चाललंय."

मला कळेना. त्यानं बोट दाखवलं. यानाच्या डाव्या अंगाला लाल दिवा हवा आणि उजव्या अंगाला हिरवा, जहाजाला असतो तसाच. मालिकेतल्या यानालाही तोच नियम. मी दिवे बसवले तेव्हा यानासमोर बसलो होतो, आणि माझा डावा हात म्हणजे त्याचा उजवा. न्हाव्याच्या आरशात होतो तो घोटाळा.

"इतकं काय त्यात," मी म्हणालो. मग त्यानं मला दुकानाच्या काउंटरवर खडूनं काढून दाखवलं. समुद्रावरच्या १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे बाजूचे दिवे समोरून मागे ११२.५ अंशांपर्यंतच दिसतात. रात्री आडवं येणारं जहाज दिसत नाही, दिवाच दिसतो. त्याचा लाल दिसला तर ते माझ्या उजवीकडून येतंय, वाट मी द्यायची. हिरवा दिसला तर ते डावीकडून, वाट त्यानं द्यायची, मी आपल्या मार्गानं जायचं. "दिवे उलटे असले तर दोघंही समजतात दुसरा बाजूला होईल. ब्रिजवर, जहाज चालवतात त्या खोलीत, रात्री चार तास मी फक्त हेच बघत असतो, मामा." त्याच्या तोंडून त्याचं काम इतकं नीट मी पहिल्यांदाच ऐकलं. आतापर्यंत आमच्या घरात त्याचा पगार आणि सुट्टी एवढंच बोलणं व्हायचं.

यान मात्र चिकटलेलं, रंगवलेलं. पुन्हा फ्रीझर? सिमेंट फ्रीझरला दाद देत नाही. वाचवलं ते माझ्या आळसानं. तबकडीची कड एलईडी मावण्याइतकी जाड नव्हती, आणि त्या मापाचे बारीक एलईडी मागवायचा मला कंटाळा आला होता. म्हणून दिशादर्शक दिवे पोटातच, हँगरच्या दाराशी ठेवले होते आणि तिथून पाऊण मिलिमीटरचे प्रकाशतंतू मानेतून कडेपर्यंत नेले होते. दिवा पोटात, उजेड कडेला. हँगरचं दार नुसतं खोचलेलं. ते काढलं, काळ्या नळीतून दोन्ही तंतू चिमट्यानं ओढले, लालचा हिरव्यात, हिरव्याचा लालमध्ये. पाच मिनिटंही लागली नाहीत. भाचा दारात जाऊन परत पाहून आला आणि मान डोलावली.

चतुर्थीला यान ताईकडे मखराच्या बाजूला टीपॉयवर होतं. पाहुण्यांमधल्या पोरांनी सगळ्यात जास्त वेळ घुमटांपुढे काढला. मोठ्यांनी एकच विचारलं, केवढ्याला पडलं. ताईनं सांगितलेला आकडा मी दुरुस्त केला नाही.

मानेजवळची ती फट अजून आहे. बाहेरून काळा ठिपका द्यायचा म्हटलं तर राखाडीवर डाग दिसेल, आणि आतून हात पोचत नाही. गेल्या आठवड्यात भाच्यानं बोटीवरून फोन केला तेव्हा त्यानं ती बुजवली का म्हणून विचारलं. मी ताईला सांगितलं होतं, एकदा घेऊन ये, बघतो काही होतंय का. ती म्हणाली, राहू दे. यान ती रात्रभर चालूच ठेवते, आणि त्या फटीतून टीपॉयवर सांडणाऱ्या उजेडात तिला पहाटे चष्मा सापडतो.